पायाखालचा वाघ

मोलगी
६ जानेवारी २०२५

नाना,

पत्र लिहायचं लिहायचं म्हणत चार वर्षं गेली. तीनदा बसलोही होतो. एकदा सुरतेला, एकदा मिठागरावर आणि एकदा शहाद्याच्या स्टँडवर. तिथून तुमचं प्रकाशा किती लांब? पण "नाना यांस" एवढं लिहिलं आणि शेजारी एक माणूस जुनी घड्याळं उघडून बसला होता, ते बघत राहिलो. बस गेली, कागदही गेला. तुम्ही म्हणायचे ना, "तुन्हा डोकाले चाकं शेतस, ब्रेक नई शे." डोक्याला चाकं आहेत, ब्रेक नाही, तसंच आहे अजून.

तुमच्या गॅरेजात काम शिकत होतो, तिथून न सांगता निघालो त्याबद्दल काय लिहायचं ते सुचलेलं नाही. सुचलं की लिहीन. आज काम अडलंय म्हणून लिहितोय, हे आधीच कबूल करतो. फोन केला असता, पण अक्कलकुव्याला तुमच्या गावचा धुडकू भेटला, तो म्हणाला नानांना आता फोनवर काही ऐकू येत नाही. आणि माझा फोन नर्मदेत आहे. मणिबेलीला बोटीने गेलो होतो, काम काही नव्हतं, बोट निघाली होती म्हणून बसलो. पाण्यात बुडालेल्या झाडाचा शेंडा वर दिसला, तो दाखवायला हात लांब केला, त्याच हातात फोन होता.

तर काम असं. मोलगीच्या बाजारात आमशा वसावे भेटला. त्याच्याकडे सात सीटची जुनी पांढरी गाडी आहे. कागदावर एसयूव्ही, इथे सगळे जीपच म्हणतात. बाजाराला माणसं आणतो, नेतो. मी चहा पीत होतो आणि तो कोणाला तरी सांगत होता, "गाडी लाथ मारते." म्हणजे ब्रेक मारला आणि गाडी अगदी थांबायला आली की पायाखाली पेडल धडधडतं, आणि गाडी थांबायच्या ऐवजी दोन हात पुढे सरकते. एबीएसचा पिवळा दिवाही लागतो. तो दिसू नये म्हणून आमशाच्या बायकोने, रिनाने, त्यावर टिकली लावून ठेवलीय. लाल. मी म्हटलं, हे काम मला येतं. नाना, येत नाही. पण तोंडातून गेलं.

आता खरी गोष्ट. आमशाची आई फुलवंताबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. भगर निवडायला बसली की खडे ताटात आणि दाणे अंगणात. डिसेंबरात चिंचपाड्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख होती. आमशा तिला घेऊन निघाला आणि देवगोईच्या घाटात एका वळणावर गाडीने लाथ मारली. कडेच्या दगडांना टेकून थांबली. म्हातारी उतरली आणि तशीच, डोळ्यांना नीट दिसत नसताना, हाताने कठडे चाचपत घरी चालत आली. तारीख गेली. आता नवी मिळालीय, १८ फेब्रुवारी. डॉक्टर म्हणाले, यापुढे थांबू नका.

दुसऱ्या जीपने जा म्हटलं तर म्हणते, "पोराची गाडी सोडून परक्याच्या गाडीत बसले, तर उद्या त्याच्या गाडीत कोण बसेल?" तसंही कोणी बसत नाहीच आता. आई उतरली त्या गाडीत कोण चढणार.

तळोद्याला एकाने मशीन लावून सांगितलं, पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. मग त्याने एबीएसचा फ्यूज काढून दिला. फ्यूज काढल्यावर लाथ बंद होते खरी. तसंच चालवलं तर चालेल का? नाहीतर काय करू? मी इथे त्यांच्या पडवीत झोपतो. पत्ता खाली लिहिलाय.

तुमचा
गोकुळ


प्रकाशा
११ जानेवारी २०२५

चि. गोकुळ,

पत्र मिळालं. मी बरा आहे.

फ्यूज परत जागेवर लाव, आजच. घाटात बारीक खडी असते. एबीएस बंद असताना जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होतील, स्टेअरिंग कुठेही फिरव, गाडी सरळ दरीकडे जाईल. लाथ परवडली.

आता नीट वाच. वाचताना उठून कुठे जाऊ नकोस.

चार चाकांना चार राखणदार आहेत, ते सेन्सर. चाकाबरोबर एक दातांची कडी फिरते. राखणदाराच्या टोकाला लोहचुंबक असतं. एकेक दात समोरून गेला की तो एबीएसच्या डब्याला खबर देतो, चाक फिरतंय, चाक फिरतंय. त्यातला एक पेंगला की डब्याला वाटतं ते चाक जाम झालं, घसरतंय. म्हणून डबा ब्रेक सोडतो, धरतो, सोडतो. तीच तुझी लाथ. गाडी हळू झाली की खबर आधीच बारीक येते, म्हणून पेंगणारा तेव्हाच सापडतो. गाडी खोटं बोलत नाही. तिला खोटी खबर मिळते.

चाक जॅकवर उचल, मागच्या चाकांना दगड लाव. सेन्सरचा प्लग सोडव. काट्याचा मीटर लावून मोज, हजार ओहमच्या वर काही असेल. मग मीटर एसी व्होल्टच्या सगळ्यात लहान घरात ठेव आणि चाक हाताने फिरव. काटा हलला पाहिजे. दोन्ही पुढची चाकं मोज आणि ताडून बघ. बरं आणि आजारी शेजारी ठेवल्याशिवाय आजार कळत नाही. आधी मोजायचं, मग बदलायचं. तू उलटं करतोस.

चित्र काढून पाठवलंय. कडीचे दात जास्त झालेत, मोजत बसू नकोस.

हेमकांत


मोलगी
२४ जानेवारी २०२५

नाना,

मोजत बसलो होतो. चौपन्न आहेत चित्रात.

फ्यूज त्याच दिवशी लावला. पण उरलेली खबर चांगली नाही. डावं पुढचं चाक उचललं. जागा अडचणीची, वरून स्टेअरिंगचा दांडा येतो तो सारखा कोपराला लागतो, दोन दिवस कोपर सुजलं होतं. मोजलं तर अकराशे. चाक फिरवलं तर काटा असा हलला की रिना म्हणाली, कोंबडीची मान. म्हणजे सेन्सर बरा. पण मशीनने तर डावा म्हणून सांगितलेलं. मला वाटलं, बरा दिसतो पण आतून गेला असेल, माणसांचं असतं तसं. म्हणून दुसरं चाक उचललंच नाही. नंदुरबारहून नवा सेन्सर मागवला, तो यायला आठ दिवस, त्यात दोन दिवस मी डाब गावाला गेलो होतो, तिथे एक जण बांबूची टोपली अशी विणतो की, असू दे. आल्यावर नवा बसवला. गाडी तशीच लाथ मारते. तीच वळणं, तशीच.

आमशा फक्त म्हणाला, "हे माणसाचं काम नाही बहुतेक." कारण फुलवंताबाई पहिल्यापासून एकच सांगते, "वाघ माझ्या पायाखाली बसतो. ब्रेक लागला की अंग झाडतो." इथे वाघदेवाला मानतात. वळणावर त्याचा दगड आहे, शेंदूर लावलेला. आमशाने परवा तिथे नारळ ठेवला आणि कोंबडी दिली. म्हातारी म्हणाली, "मी कोंबडी कधी मागितली?" पण तंगडी तिनेच खाल्ली. नंतर मला म्हणते, "ए भटक्या, तू आवाजावरून बरा वाटतोस. डोळे आले की आधी तुझं तोंड बघते, मग ठरवते जेवायला घालायचं का." मी म्हटलं, आजी, दोन आठवडे घालताय की. म्हणे, "ते उधार नाही, अंधारातलं आहे."

हसलो, पण आत काही बरं वाटत नव्हतं. अठरा तारीख पंचवीस दिवसांवर आली. आणि मला इथून निघून जावंसं वाटू लागलंय. तुमच्याकडून गेलो तसंच, सकाळी, न सांगता. बॅग भरलीही होती. शेवटी बॅगेत ठेवायला, चाक मोजलं तो काट्याचा मीटर उचलला; तो तुमचाच. हो, मीच नेला होता. विचारलं नव्हतं. जे लिहायचं सुचत नव्हतं, ते हेच.

बॅग परत रिकामी केली. पुढे काय करू ते सांगा.

गोकुळ


प्रकाशा
२९ जानेवारी २०२५

गोकुळ,

तुझा डावा कुठला?

तू बॉनेट उघडलंस, गाडीच्या समोर तोंडाला तोंड लावून उभा राहिलास आणि तुझ्या डाव्या हाताला जे चाक आलं ते काढलंस. खोटं असेल तर सांग. स्टेअरिंगचा दांडा कोपराला लागला, हे तूच लिहिलंस. आपल्या देशात स्टेअरिंग उजवीकडे असतं. ज्या चाकाला दांडा आडवा येतो ते ड्रायव्हरच्या बाजूचं. म्हणजे उजवं. तू बऱ्या चाकाचा बरा सेन्सर काढून नवा बसवलास. आजारी चाकाला अजून हातही लागलेला नाही.

गाडीचा डावा म्हणजे गाडीत बसल्यावर जो डावा तो. गाडीच्या समोर पोलीस उभा राहतो. मेकॅनिकने तिच्या पाठीशी उभं राहायचं, ती बघते तिकडे बघायचं. मी हे तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तेव्हा रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जात होता आणि तू कांड्या मोजत होतास.

आणखी एक. म्हातारी कुठल्या सीटवर बसते ते तू लिहिलं नाहीस. मी सांगतो. पुढे, पोराच्या शेजारी. तिच्या पायाखाली कुठलं चाक येतं ते आता बघ. तिने देवाचं नाव घेतलं नव्हतं रे, जागेचं घेतलं होतं. वाघ माझ्या पायाखाली बसतो. याहून सरळ कोणी काय सांगायचं? तुम्ही सगळे चांगल्या कानांचे, वाघ ऐकलात आणि पायाखाली ऐकलंच नाहीत.

ते चाक उचल. सेन्सर ओढू नको, गंजाने धरलं असेल तर तुटेल. तेल सोड, एक दिवस थांब. थांबायला जमेल का बघ.

मीटर तू पिशवीत घातलास तेव्हा मी समोर जीपखाली आडवा होतो. तुझे पाय दिसत होते आणि पिशवी दिसत होती. आदल्या दिवशीच त्यात नवे सेल घातले होते.

हेमकांत

गोकुळदादा, मी दामिनी, नानांची सून. तुम्ही ओळखत नाही, माझं लग्न नंतर झालं. त्यांनी "मी बरा आहे" लिहिलंय म्हणून ही चिठ्ठी आत टाकते. वर्ष झालं, नाना ओट्याखाली उतरलेले नाहीत. लोक बोलतात, हसतात, ते ऐकू येत नाही. मग हसावं की मान हलवावी कळत नाही, त्याची लाज वाटते त्यांना. आई म्हणतात, दिवसभर भिंतीकडे बघत असतात. तुमचं पत्र आलं की मात्र ओट्यालगतच्या जुन्या गॅरेजचं कुलूप काढून आत बसतात. काल ओरडून विचारलं, काय करताय? म्हणाले, डावीकडचं चाक बघतोय. आत गाडी एकही नाही. लिहीत राहा.


मोलगी
६ फेब्रुवारी २०२५

नाना,

वाघ सापडला.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो, गाडी बघते तिकडे तोंड करून. रिना म्हणाली, "आता काय, नमस्कार करतोस?" मग फुलवंताबाईला विचारलं, आजी, वाघ नेमका कुठे बसतो? तिने मला धरून नेलं, पुढचं दार उघडलं, आपल्या सीटवर बसली आणि डाव्या टाचेने पत्र्यावर दोनदा ठोकलं. म्हणाली, "दीड महिना झाला सांगतेय." मी खाली वाकलो. टाचेच्या पुढे हातभर अंतरावर डावं चाक.

तेल सोडलं. एक दिवस थांबलो. खरंच थांबलो, कुठे गेलो नाही, नवनीतच्या चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सेन्सर हलवत हलवत निघाला आणि नाना, त्याला दाढी होती. काळी, इंचभर नाही पण पाव इंच तरी, तंबाखूच्या चुऱ्यासारखी. बोटाने काढली तर परत चिकटली. आमशाने बघितलं आणि म्हणाला, "ही तर नदीची रेती." तेव्हा उलगडलं. नाल्याच्या उतारावर तो दर बाजारानंतर गाडी धुतो. गाडी कलती उभी राहते, डावी चाकं पाण्यात, उजवी कोरडी. त्या नाल्यात काळी रेती आहे, चुंबकाला धरणारी. वर्षानुवर्षं तिने राखणदाराच्या तोंडावर बसून घेतलं. आणि त्याच्या बुडाखाली गंज फुगलेला, त्याने तो दातांपासून वर उचलला गेलेला. आधी मीटर लावून बघितलं होतं: मोजलं तर बरोबर अकराशे, पण चाक फिरवलं तर काटा मेल्यासारखा. दुसऱ्या चाकाशी ताडलं, कोंबडीची मान. तुम्ही म्हटलं ते असं असतं होय.

पितळी ब्रशने टोक साफ केलं, जागेवरचा गंज खरवडला, पातळ ग्रीस लावलं, परत बसवलं. काटा हलला. इतका हलला की मी चाक फिरवतच बसलो, आमशाने हात धरला.

चाचणी देवगोईच्या घाटात. आमशा, मी, मागे तांदळाच्या दोन गोण्या. पहिल्या वळणाला ब्रेक, गाडी थांबली. दुसऱ्याला थांबली. वाघदेवाच्या दगडापाशी आमशाने मुद्दाम जोरात मारला. थांबली, लाथ नाही. आमशा खाली उतरला, दगडाला हात लावला आणि म्हणाला, "कोंबडी परत मागता येत नाही ना?" घरी आल्यावर रिनाने टिकली काढली. किल्ली फिरवली, दिवा लागला आणि आपला आपण विझला. टिकली तिने आरशावर लावून टाकली, म्हणे राहू दे, नोकरी केलीय तिने.

पण फुलवंताबाई बसायला तयार नव्हती. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. "जागेचं घेतलं होतं" तिथे मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग विचारलं, हा कोण? म्हटलं, माझे नाना, त्यांना ऐकू येत नाही. ती म्हणाली, "त्या बहिऱ्याला एवढ्या लांबून ऐकू आलं." आणि चप्पल काढून, अनवाणी, गाडीत जाऊन बसली. घाट उतरायला लागलो तेव्हा पाय पत्र्यावर सपाट. चौथ्या वळणानंतर पाय वर घेऊन मांडी घातली.

तिचा निरोप आहे. अठराला ऑपरेशन, एकोणीसला पट्टी सुटेल. ती म्हणते, पट्टी सुटल्यावर आधी त्याचं तोंड बघायचं, तुझं नंतर. नाना, या ना चिंचपाड्याला.

गोकुळ


प्रकाशा
१२ फेब्रुवारी २०२५

गोकुळ,

काम बरं केलंस. आमशाला सांग, गाडी सपाटीवर धू. महिन्याने ते चाक पुन्हा उघडून बघ, दाढी परत येते.

मी कुठे जात नाही. बोलावू नकोस. माझं तोंड बघण्यासारखं नाही आणि कोणी काही विचारलं तर उत्तर भलतंच जातं. बाईंना नमस्कार सांग.

सेन्सर आवळताना पाना शेवटचा पाव फेरा हाताच्या जोराने नको, मनगटाने फिरवायचा होता. तसा फिरवलास का? लिहिलं नाहीस.

हेमकांत


चिंचपाडा, दवाखान्याचं आवार
१८ फेब्रुवारी २०२५

नाना,

मनगटाने फिरवला.

सकाळी चारला मोलगी सोडली, आता दुपारचे दोन वाजलेत. आजी पुढे, आपल्या सीटवर. वाटेत हातोड्याच्या पुलावर गाडी थांबवायला लावली, म्हणे तापीचा वास घेऊ दे, येताना दिसेल. आमशाने ब्रेक मारला तसा मी सवयीने तिच्या पायाकडे बघितलं. मांडी घातलेलीच होती. आणि मागच्या सीटवर मोलगीपासून तिघं बसले होते, अक्कलकुव्यापर्यंत. त्यातली एक बाई चढताना आधी आत डोकावली, पुढे कोण बसलंय ते बघितलं आणि मगच चढली. आमशा गाणं म्हणायला लागला. बरं म्हणत नाही.

ऑपरेशन झालं. आत्ताच नर्सबाई येऊन सांगून गेल्या, सगळं नीट आहे, उद्या सकाळी पट्टी. रिना आत आहे. म्हणाली, म्हातारी विचारतेय, बहिरा आला का. मी काय सांगू? आमशा चहाला गेलाय. मी गाडीपासून थोडं लांब, कडुलिंबाखाली बसून लिहितोय. पलीकडे रेल्वे जाते, एक मालगाडी गेली, त्रेचाळीस डबे. बसल्या बसल्या एक ठरवलं, ते तुम्हाला सांगायचं होतं. मोलगीत गॅरेज नाही. टपरीशेजारची जागा नवनीत देतोय. तुम्ही हसाल, की हा किती दिवस टिकतो. मीही हसलो. पण महिन्याने ते चाक उघडायचंय ना, तेवढं तरी थांबावंच लागेल. आणि मीटर

थांबा.

फाटकापाशी रिक्षा थांबलीय. त्यातून एक म्हातारा माणूस उतरलाय, पांढरी टोपी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, जड, एका बाजूला झुकवणारी. रिक्षावाला काहीतरी विचारतोय आणि तो भलतीकडेच मान हलवतोय. आता तो आवारात आला. सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवतोय. पांढऱ्या गाडीपाशी थांबला. तिच्या मागे जाऊन उभा राहिला, गाडी बघते तिकडे तोंड करून. डावा हात जरासा उचलला. आणि आता डाव्या चाकापाशी बसतोय, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

हाक मारून उपयोग नाही, ऐकू जायची नाही. हा कागद घेऊनच येतो.